ही करंजी नाही!

आमच्या बेकरीतला पाव संध्याकाळपर्यंत संपतो. किस्से मात्र रोज ताजे येतात आणि साचत राहतात. मित्र म्हणाले, "लिहून काढ, जरा हलकं वाटेल." हलकं कसलं वाटतंय! लिहितानाही माझं डोकं तापलंय.

मी सहा वर्षं क्रूझच्या किचनमध्ये होतो. तिथले शेफ रामोन अर्जेंटिनाचे. त्यांच्या शिव्या खात तिकडचे पदार्थ शिकलो आणि परत येऊन बारामतीत, जळोचीला बेकरी टाकली. निघताना रामोन म्हणाले, "एम्पनाड्याची मुरड जमली की मला दाखव. तोवर माझं नाव पाटीवर लावायचं नाही!" मी पाटी रंगवून घेतली, 'शेफ' आणि 'यांच्या पसंतीचे' यांच्यामध्ये जागा मोकळी सोडून. दर महिन्याला त्यांना फोटो पाठवायचो. उत्तरात उलटा अंगठा यायचा. दोन वर्षं पाटी तशीच राहिली.

*

पहिल्याच आठवड्यात कऱ्हाटीचे एक आबा आले. काचेतून बघून म्हणाले, "दोन करंज्या द्या."

"आबा, ही करंजी नाही. एम्पनाडा आहे, अर्जेंटिनाचा."

"व्हय, व्हय. दोन द्या."

एक घास खाल्ला आणि थांबले. "ह्यात खोबरं कुठं हाय?"

"खोबरं नसतंच. मटणाचा खिमा आहे."

आबांनी उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला. "करंजीत खिमा तुमी घालताय, आन् वर मलाच शिकवताय व्हय?"

आणि दोन्ही संपवूनच गेले!

*

अल्फाहोर म्हणजे दोन मऊ बिस्किटं आणि मध्ये साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवलेलं दूध. चार तास भट्टीपुढे उभं राहून ढवळावं लागतं. इंदापूरच्या एक मावशी, घरी सात म्हशी, त्यांनी बिस्किटं सोडवली आणि मधलं बोटाने चाटून पाहिलं.

"बासुंदी करपलीय तुमची."

मी म्हटलं, हा रंग मुद्दाम आणलेला आहे.

"मुद्दाम कोण करपवतं का?" असं म्हणून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर त्यांनी किटलीभर दूध पाठवलं. सोबत निरोप: "मंद आचेवर ठेवा आन् तितंच हुभं ऱ्हावा."

*

मेदियालुना हा चंद्रकोरीच्या आकाराचा गोड पाव. समोरच्या गॅरेजवाल्याने तो चहात बुडवून खाल्ला आणि तक्रार घेऊन आला, "शेठ, खारी मऊ पडलीय. डब्याचं झाकण नीट लावत जावा."

*

मग हिराअक्का कामाला आल्या. कोऱ्हाळे बुद्रुकच्या. आसपासच्या कुठल्याही लग्नात करंज्यांना त्यांनाच बोलावणं जातं. मुरड न घालता कातण्याने कड कापणाऱ्या बायकांशी त्या धड बोलतही नाहीत.

त्यांना मी नीट समजावलं होतं. अर्जेंटिनात मुरडीवरून आतलं सारण ओळखतात. आपल्या बेकरीत मटणाला दोरीसारखी मुरड घालायची, मक्याला फक्त काट्याने दाबायचं. अक्का "बरं" म्हणाल्या.

इंदापूरला साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. दोनशे एम्पनाड्यांची ऑर्डर, निम्मे मटणाचे, निम्मे मक्याचे. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी बरीच. तिथे जाऊन ट्रे उघडला तर दोनशेच्या दोनशे एकसारखे, दोरीच्या मुरडीचे! काट्याने दाबलेली कड अक्कांना बघवेना, म्हणून त्यांनी शंभरच्या शंभर परत मुरडले होते. वर दोन्ही एकाच ट्रेमध्ये, ओळीत नीट दिसावेत म्हणून मिसळून लावलेले!

काय करणार? मालकांसमोर दोनशे एम्पनाडे एकेक करून फोडले, आत बघितलं आणि वेगळे केले. पाहुण्यांना सगळा चुरा वाढला. त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं.

परत येऊन अक्कांवर ओरडलो. त्या माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. "फोडूनच वाढायच्या हुत्या तर माज्याकडनं मुरड कशापायी घालून घेतली?"

*

मागच्या महिन्यात मी ठरवलं, फोटो पुरे झाले, आता समोरच दाखवायचं. रामोन यांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि एक एम्पनाडा मुरडला. माझ्या मते आयुष्यातला सर्वात चांगला.

त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि अंगठा उलटा करायला हात वर आणला. तो हात तसाच राहिला.

"मागे! तुझ्या मागे कोण आहे?"

मागे अक्का होत्या. ओट्याशी बसून, जावेच्या भांडणाची गोष्ट सांगत, न बघता मुरडत होत्या. मी फोन त्यांच्या हाताजवळ नेला. रामोन यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक झाला, दोन झाले, दहा झाले. ज्यांनी सहा वर्षं मला एकदाही बरं म्हटलं नाही, त्यांचे डोळे भरून आले होते! माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी म्हणाले, "आता लाव नाव!"

"काय म्हंतोय त्यो?" अक्कांनी विचारलं.

"म्हणतात, पाटीवर नाव लावायला हरकत नाही."

अक्कांनी पदराला हात पुसले, फोनमध्ये नीट डोकावून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "नुसतं हिराबाई नगं म्हणावं. गावाचं नाव बी टाका."