हुडकेश्वरचा नमुना पाठ

अकोला सुटलं आणि माझ्या पिशवीतला तंबोरा आपोआप वाजायला लागला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा तो, जेवणाच्या डब्याएवढा. बटण कशाने दाबलं गेलं देव जाणे. आवाजाचा माग काढत चार-पाच प्रवासी माझ्या बाकापाशी आले.

"बाई, तुमची पिशवी कवाची गुणगुणून राहिली," समोरचे काका म्हणाले.

मी ओशाळून बटण बंद केलं आणि सांगितलं, की साताऱ्याच्या एका प्राथमिक शाळेत मी संगीत शिकवते.

"असं का! अन् मुख्य विषय कोन्ता?"

नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीशी आहे. "संगीतच," म्हटल्यावर काकांना माझी इतकी कीव आली, की त्यांनी हातातलं अर्धं संत्रं मला देऊन टाकलं. नागपूर यायच्या आधीच नागपूरची चव कळली.

स्टेशनवर माझ्या जुन्या स्नेही शोभाताई आल्या होत्या. त्यांनी अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना संगीत शिकवण्यात उभी हयात घालवली. आता निवृत्त झाल्या आहेत, पण स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेत नाही. त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रणाली शनिवारी सकाळी नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या एका शाळेत नमुना पाठ देणार होती. पाठ पसंत पडला तर कायमची नोकरी. "तू ये, पाहा, आणि पोहे खा," असं मला फोनवर फर्मान होतं.

पोह्यांपासूनच शनिवार सुरू झाला. जानेवारीची थंडी, कोवळं ऊन आणि टपरीवर वाफाळणारे तर्री पोहे (वरून हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतलेले).

"भाऊ, ह्यायच्यात तर्री कमी टाक गा, पाहुण्या आहेत," शोभाताई म्हणाल्या. माझा स्वाभिमान दुखावला. मी जास्त मागितली. पुढची दहा मिनिटं मला बोलता आलं नाही आणि शोभाताईंना हसू आवरता आलं नाही.

रिक्षात त्यांनी प्रणालीची हकिगत सांगितली. मूळची नागपूरजवळच्या मौद्याची. वडील भीमगीतं गातात, त्यामुळे गळा घरातूनच आलेला. तिने संगीत विशारद केलं, वर डी.एड.ही केलं. "विशारदवाल्यांना राग येतात, सहा वर्षांची पोरं सांभाळता येत नाहीत. डी.एड.वाल्यांना पोरं येतात, सूर येत नाहीत. हिला दोन्ही येतं, आणि ही सात वर्षं तासिका तत्त्वावर दोन शाळांमध्ये एसटीने पळतेय." आता घरच्यांनी हात टेकले होते. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत तिला टेबलावरची नोकरी मिळत होती आणि सोमवारी तिकडे होकार द्यायचा होता. म्हणजे आजचा पाठ फसला, की संगीत संपलं.

प्रणाली फाटकापाशी उभी होती.

"ताई, मले लय भेव लागून राहिलं."

"काहून वं? पोरं का खाऊन टाकतात तुले?" शोभाताईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

वर्ग दुसरीचा. मागच्या बाकांवर मुख्याध्यापक, संस्थेचे एक सदस्य आणि आम्ही दोघी. प्रणालीने स्वतः रचलेलं गाणं घेतलं: खारूताई, खारूताई, संत्र्याच्या झाडावर कशाची घाई? मुलांनी ते एका दमात उचललं. मोकळे, गोड आवाज. मी शोभाताईंकडे बघून भुवया उडवल्या. मग ताल दाखवायला प्रणालीने टाळी दिली.

वर्ग ठप्प! सगळी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट.

तिला वाटलं, पोरं बुजली. तिने हसून पुन्हा गाणं सुरू केलं. सूर लागला, तिने टाळी दिली, पुन्हा सगळी बोटं ओठांवर. तिसऱ्यांदाही तेच. मुख्याध्यापक मात्र अभिमानाने सदस्यांच्या कानात म्हणाले, "शिस्त पाहा!" मला तर उठून प्रणालीऐवजी गावंसं वाटत होतं.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका मुलीलाच तिची दया आली. "मॅडम, टाळी वाजली का आमाले चूप बसा लागते. मोठ्या सरांचा नियम हाय."

प्रणाली खळखळून हसली. त्या हसण्यात तिची भीती कुठल्या कुठे गेली.

"असं होय! मंग आपण नियम पाळू. तालात एक जागा टाळीची असते, अन् एक खाली. खालीले टाळी वाजवत नाहीत, तिथं चूप राहतात. टाळीले गायचं, खालीले तोंडावर बोट. जमन?"

जमलं कसलं, उधाण आलं! टाळीला "खारूताई", खालीला चाळीसेक बोटं एकदम ओठांवर, की पुन्हा "खारूताई". खाली म्हणजे काय हे माझ्या मुलांना समजवायला मला महिना लागतो. इथे ती त्यांच्या ओठांवरच होती. शोभाताईंनी डोळे पुसले. मी तर राजरोस रडले.

मुख्याध्यापकांचा चेहरा मात्र पडला होता. "गाणं चांगलं झालं. पण टाळी वाजूनही पोरं गात राहिली, हे काही बरं नाही. सोमवारी कळवू."

रविवारी शोभाताईंनी मला फुटाळा तलावावर नेलं, सांबारवडी (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर) खाऊ घातली. पण दोघींचं लक्ष फोनवर. प्रणालीने मिहानला जाताना घालायचे कपडे इस्त्रीला दिल्याचं कळलं, आणि आम्ही वडी तशीच बाजूला ठेवली.

सोमवारी परतीची गाडी वर्धा सोडत होती तेव्हा फोन वाजला. प्रणाली बोलत होती की हसत होती, कळेना.

"ताई, आज प्रार्थनेच्या टायमाले सरांनी चूप बसवाले टाळी वाजवली. तं दुसरीची पोरं खारूताई गाऊ लागली! त्यायच्या मागं सारी शाळा. सरांनी आनखी वाजवली, तं आनखी जोरात. आता मले फोन करून म्हणले, मॅडम, उद्यापासून तुमीच कायमच्या या अन् हे निस्तरा."

"आणि मिहान?"

"त्यायले नाही म्हणून सांगतलं. तुमाले फोन कराच्या आधीच."

फोन ठेवला आणि मी एकटीच इतकी हसले, की शेजारच्या बाई जरा दूर सरकून बसल्या. खूप आनंद झाला होता. आम्हा संगीतवाल्यांना नेमताना पदव्या पाहतात, अनुभव पाहतात, वर मुख्य विषय विचारतात. मुलांना मात्र कुणी विचारत नाही. हुडकेश्वरच्या मुलांनी कुणी विचारायची वाटच पाहिली नाही.