साडेचार तासांचा समुद्र

अठ्ठावीस जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. डमडमच्या आमच्या गल्लीत धुके अजून दिव्यांच्या खांबांना बिलगून होते, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून खजुराच्या नव्या गुळाचा धुरकट गोड वास येत होता, आणि आई गाडीत मागच्या बाजूला स्टीलचा चारपुडी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. जणू प्रवासाला तो डबाच निघाला होता आणि ती केवळ त्याला पोचवायला आली होती. तिच्या नाकाखालून गेलेली पारदर्शक नळी पायाशी आडव्या ठेवलेल्या सिलिंडरला जोडलेली होती. मी दाबमापकावरचा आकडा वाचला, वहीत लिहिला आणि गाडी सोडायला सांगितले.

आम्हाला गंगासागरला जायचे होते. नदी जिथे आपले नाव समुद्राच्या स्वाधीन करते, तिथले ते बेट. माणसांनी, पानमळ्यांनी आणि तळ्यांनी गच्च भरलेले, आणि एका टोकाला कपिलमुनींचे मंदिर, दीपस्तंभ व अफाट ओली वाळू. मकरसंक्रांतीची गर्दी ओसरली की जायचे, असे आईनेच ठरवले होते. फुफ्फुसे आतून ताठर होत जाण्याचा आजार तिला दोन वर्षांपासून होता. घरी विजेवर चालणारे यंत्र तिला प्राणवायू पुरवी, बाहेर सिलिंडर लागे. दोन सिलिंडर मिळून पंधरा तास. घाटापर्यंत मोटारीने सव्वातीन तास, घाटावरून बेटावर उतरून, समुद्रापर्यंत जाऊन, तिथे तासभर बसून पुन्हा घाटावर यायला साडेचार, परतीचे सव्वातीन. एकूण अकरा. घरी पोचताना किमान तीन तासांचा प्राणवायू शिल्लक असलाच पाहिजे, हा नियम माझा. उपकरणांसोबत काम करणाऱ्या माणसाला अशी राखीव मर्यादा आखून घेतल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. इथे तर चार तास उरत होते. गणित सुटत होते.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. परप्रांतातल्या मराठी घराला एक अलिखित पद सांभाळावे लागते: ते साऱ्या नातलगांचे उतरण्याचे ठिकाण होते. साताऱ्याचे, अकोल्याचे, बाबांच्या जुन्या कचेरीतले, आत्याच्या सासरचे असे कुणी ना कुणी दर हिवाळ्यात हावड्याला उतरे, आणि बाबा त्यांना घेऊन गंगासागरला जात. आई पहाटे साडेतीनला उठून दशम्या, लसणीची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी आणि बेसनाच्या वड्या या डब्यात भरून देई आणि दारात उभी राही. गाडीत जागा कमी असे, किंवा संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी गरम स्वयंपाक हवा असे, किंवा, आणि हे सर्वांत जास्त वेळा, माझी परीक्षा असे. पाहुणे रात्री वाळूने भरलेले पाय घेऊन परत येत आणि जेवता जेवता पाहिलेले सारे तिला सांगत. ती वाढता वाढता ऐके. बाबा गेले, पाहुणे यायचे थांबले. त्या बेटाविषयी इतक्या जणांच्या डोळ्यांनी पाहिलेले सारे मात्र तिच्याजवळ साठून राहिले.

पुढे तेच बेट माझ्या अभ्यासाचा विषय झाले. तिथला किनारा किती वेगाने मागे सरतो आहे, हे मी मोजते. त्यासाठी मी चौदा वेळा तिथे गेले, आणि चौदाही वेळा डबा आईनेच भरून दिला. 'पुढच्या खेपेला तू चल' असे मी तिला म्हटले नव्हते असे नाही. परंतु पुढची खेप नेहमी एखाद्या निबंधाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पलीकडे असे, आणि मला पोचायचे होते ते ठिकाण कोणत्याच बेटावर नव्हते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने आपली जुनी डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. तीत घाटावरच्या चहावाल्या हारूदांचा नंबर होता. पाहुणे निघायच्या आधी ती त्यांना फोन करून विचारी, कारण त्या नदीत गाळ फार, आणि ओहोटीला पाणी उतरले की लाँच, जिला तिथे सगळे भेसेल म्हणतात, तासन् तास बंद राहते.

"एकदा विचारून घे त्यांना," ती म्हणाली.

"आई, भरती-ओहोटी हाच माझा विषय आहे."

"हो ग. पण ते तिथे असतात."

मी फोन केला नाही. माझ्याजवळ कोष्टक होते. समुद्राच्या मुखाशी पाणी कधी उलटते आणि आत, घाटापर्यंत, ते किती उशिरा पोचते, याचा हिशेब मी काटेकोर केला होता. केला नव्हता तो त्या हिवाळ्यात साचलेल्या गाळाचा. नऊ पंचवीसला आम्ही घाटावर पोचलो, तेव्हा नदीच्या पात्रात करड्या चिखलाची पाठ उघडी पडली होती, तिच्यावर बगळे सावकाश चालत होते, आणि धक्क्याला बांधलेली भेसेल एका कुशीवर किंचित कललेली होती.

हारूदांनी नळी पाहिली, डबा पाहिला आणि बाक पुसून दिला. आईचा आवाज त्यांना वीस वर्षांपासून ओळखीचा होता, चेहरा त्या दिवशी प्रथम दिसत होता. "बौदी, शेवटी आलात तर!" ते बंगालीत म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी. आई लाजल्यासारखी हसली. भेसेल कधी सुटेल, असे मी विचारले. त्यांनी कोष्टक नव्हे, नदीकडे पाहिले. चिखलात रोवलेल्या एका बांबूवरची ओली रेघ त्यांनी डोळ्यांनी मोजली आणि सांगितले: बारा.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जालन्याचे एक जोडपे येऊन बसले. मास्तर निवृत्त शिक्षक, नखशिखान्त लोकरीत, आणि सुमनबाई त्यांच्या माकडटोपीवर वैतागलेल्या. "हावड्याला उतरल्या उतरल्या घेतली बघा ताई. तेव्हापासून मी बोलते ते ह्यांना ऐकूच येत नाही."

"आधी तरी कुठं येत होतं?" मास्तर टोपीच्या आतून म्हणाले.

आई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एकोणनव्वद. ती थोडी स्थिरावली आणि सुमनबाईंनी विचारले, "तिथं काय काय बघायचं हो ताई?"

मग आईने त्यांना बेट दाखवले. त्यासाठी दुसरा शब्द मला सापडत नाही. उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाकलेले पानमळे लागतात, त्यांचा गार, तिखट वास गाडीत शिरतो. मंदिरात मध्ये शेंदरी कपिलमुनी, एका हाताला गंगा, दुसऱ्या हाताला सगर राजा. घाईत लोक गंगेकडे पाहतच नाहीत. मंदिरासमोरून सरळ पाण्याकडे जाऊ नका, पाय रुततात. थोडे बाजूला सरकलात की घट्ट वाळू, आणि तिच्यावर तांबडे खेकडे, आपण एक पाऊल टाकले की सगळे एकदम नाहीसे. दीपस्तंभ मात्र परतीच्या वाटेवर, उन्हे कलल्यावर पाहा. "आणि रस्ता संपतो तिथे सुरूची झाडं आहेत, ओळीनं. त्यांच्या सावलीत बसून जेवा. समोर नुसतं पाणी."

ती सुरूची झाडे आता नाहीत. त्या रस्त्याचे टोकही नाही. ती ओळ जिथे होती तिथे आज भरतीचे पाणी असते, आणि समुद्राने तिला ओलांडले ती रेघ माझ्याच नकाशावर माझ्याच हाताने काढलेली आहे.

"किती वेळा गेलात हो तुम्ही?" सुमनबाईंनी विचारले.

"कधी मोजलं नाही," आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिले नाही.

अकरा वाजले. ऊन चिखलावरून परावर्तित होऊन डोळ्यांवर येऊ लागले, आणि आईच्या ओठांना ती निळसर छटा चढली जी मला आता दुरूनही ओळखता येई. मी वही उघडली. एकदा फसलेले कोष्टक मी या वेळी कठोरपणे दुरुस्त केले, गाळासाठी जास्तीचा वेळ धरला, आणि उत्तर आले: पाऊण वाजल्याशिवाय भेसेल हलणार नाही. तसे झाले तर घरी पोचताना चाळीस मिनिटे उरतील. माझा नियम तीन तासांचा होता. एकदा निष्काळजीपणे चुकलेला माणूस दुसऱ्यांदा सावधपणे चुकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

"हारूदा बारा म्हणतायत ना," आई हळूच म्हणाली.

"तो अंदाज आहे, आई. हे गणित आहे."

तिने नदीकडे पाहिले. दूरवर, पाण्याच्या एका चिंचोळ्या पट्टीपलीकडे, बेटाची करडी हिरवी कड दिसत होती, पेन्सिलीने ओढून नंतर बोटाने पुसावी तशी. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं." मग तिने डबा उचलला आणि सुमनबाईंच्या मांडीवर ठेवला. "हा तुम्ही घेऊन जा. तिथेच उघडा."

"अहो ताई, आणि तुम्ही?"

"आमचं झालं आहे सगळं पाहून."

अकरा चाळीसला गाडी वळली. मागच्या काचेतून आई डब्याकडे पाहत होती की बेटाकडे, ते मी विचारले नाही. इतक्या वर्षांत डबा गेला आणि ती मागे राहिली असेच घडत आले होते. फरक इतकाच, की या खेपेस तिला दारात उभे राहण्याऐवजी शंभर किलोमीटर यावे लागले होते, आणि कारण मात्र तेच होते. मी.

डायमंड हार्बर मागे पडले. रस्त्याकडेला भाताच्या गंजी, तळ्यांत उलटी पडलेली केळीची पाने, शाळेतून परतणाऱ्या मुलींचे निळे स्वेटर. अडीचच्या सुमारास आईचा फोन वाजला. डबा परत करायचा म्हणून नंबर घेतलेल्या सुमनबाईंचा आवाज वाऱ्यात फाटत होता. भेसेल बाराला सुटली होती. बाराच्या ठोक्याला. दर्शन झाले, खेकडे दिसले, गंगामाईकडे आवर्जून पाहिले.

"ती सुरूची झाडं तेवढी काही सापडली नाहीत बघा ताई. वाळूवरच बसून खाल्लं. चटणी ह्यांना तिखट लागली, पण टोपी काढली एकदाची!"

आई म्हणाली, "नसतील आता ती. जुनी गोष्ट झाली." आणि मग, "फोन जरा पाण्याकडे धराल?"

तिने डोळे मिटले. मला फक्त तिच्या कानापाशी एक बारीक खरखर ऐकू येत होती. वारा असेल, यंत्राचा दोष असेल, किंवा खरोखरच लाटा असतील. किती वेळ ती तशी बसली हे मी नोंदवले नाही. मी ज्या गोष्टी नोंदवल्या नाहीत, त्यांत ही एक आहे.

फोन ठेवून ती म्हणाली, "झाडं गेली हे तुला माहीत होतं."

"हो."

"बरं केलंस, त्यांच्यासमोर बोलली नाहीस."

त्यानंतर घर येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. माझ्या उजव्या हाताची बोटे तिच्या मुठीत असल्याने मला काही लिहिता आले नाही. फाल्गुन लागला, गल्लीतल्या पलाशाला रंग चढला, आणि आई गेली. सुमनबाईंनी डबा परतीच्या गाडीआधी हावड्याला माझ्या स्वाधीन केला होता, घासूनपुसून लख्ख. तरीही तळाच्या पुडाच्या कडेला, जिथे बोट पोचत नाही, वाळूचे थोडे कण राहिले आहेत. आई असताना तिने ते पाहिले आणि पुन्हा घासू नकोस म्हणाली. मीही घासलेला नाही.

त्या बेटावर मी त्यानंतर एकदा गेले, पंधराव्यांदा, कामासाठी. निघण्याआधी हारूदांना फोन केला. रस्ता जिथे संपतो तिथे उभी राहिले आणि माझ्या लक्षात आले की या जागेचे सर्वांत पूर्ण वर्णन माझ्या नकाशात नाही. ते ज्या स्मृतीत होते तीही आता किनाऱ्यासारखी मागे सरली आहे, आणि मला मोजता येते ती केवळ गेलेल्याची रुंदी. सुरक्षिततेची मर्यादा कुणासाठी राखायची असते, जगण्यासाठी की मागे उरणाऱ्याच्या समाधानासाठी, हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. आई मात्र सगळे आयुष्य राखून ठेवत आली होती, आणि ते कधी खर्च करायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिने दर वेळी दुसऱ्याला दिला होता. शेवटी मला.

वहीचे ते पान अजून आहे. घरी पोचल्यावर, आईला पलंगावर निजवून, यंत्राची नळी लावून, मी सिलिंडरचे दाबमापक वाचले होते आणि नियम पाळल्याच्या समाधानाने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. घाटापासून समुद्रापर्यंत आणि परत, तासभर बसून, साडेचार तास. त्या दुपारची माझी शेवटची नोंद अशी आहे:

तीन वाजता. शिल्लक प्राणवायू, सहा तास दहा मिनिटे.