पावणेसात आई लांबीचं घर

आमच्या धाकट्या भावजींइतका शिस्तीचा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या घरातला पसाराही दुसरीकडे कुठे बघायला मिळायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे पाठचे भाऊ. माझं सासर साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत. त्या रीतीनं हेही गेले आणि सतरा वर्षांनी हवालदार होऊन परतले. बायको सांगलीत एका दवाखान्यात नर्स, म्हणून माधवनगरला छोटं घर घेतलं. पहाटे पाचला उठणं, अंथरुणाची अशी घडी घालणं की तिच्यावर बसायला पाहुण्याला भीती वाटावी, चपला एका रेषेत. ते सगळं होतं. पण परतल्यावर चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले आणि उंबरा ओलांडल्याबरोबर माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. दोन्ही मुलींनी हॉलमध्ये कृष्णा नदी केली होती. महाबळेश्वर सोफ्यावर होतं, वाई टीपॉयवर, आणि सांगली दाराशी, म्हणजे मी उभी होते तिथं. भावजी हातात घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी मान हलवली तशी थोरलीनं महाबळेश्वरवर दोन बादल्या पाणी ओतलं. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. "सांगलीला पूर येतोय, वैनी," भावजी शांतपणे म्हणाले, "अडीच मिन्टं लागली. बसा, च्या टाकतो." बसायला सोफा नव्हता. महाबळेश्वर होतं.

या पुराला कारण होतं, आणि तो खरा पहिला धक्का. त्याआधी महिनाभर एका रविवारी सगळी आमच्याकडे जेवायला होती. मी गेली चोवीस वर्षं एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, सकाळची शाळा. त्यामुळे घरातल्या मुलांचं शिक्षण हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. भाताचा दुसरा घास घेता घेता भावजी म्हणाले, "तनूचा दाखला काढला." तनू म्हणजे थोरली. तिची पहिली नुकतीच संपली होती. मी म्हटलं, "बरं केलंत, कुठल्या शाळेत घालताय?"

"घरीच," ते म्हणाले. "आणि धाकट्या परीला घालणारच न्हाई."

माझ्या नवऱ्याचा हात ताटावरच थांबला. मी जावेकडे पाहिलं, तर ती कोशिंबीर वाढत होती, जणू शेजारच्या घरातली गोष्ट चालली आहे. नवरा म्हणाला, "शिकवणार कोण?"

"मी."

"तू? गणितात दहावीला दोनदा बसलास तू."

"म्हणून तर," भावजी म्हणाले. "कुठं अडतंय ते मला म्हाईत हाय."

असं का केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही, कारण तोवर आमच्याकडे भांडण सुरू झालं होतं.

त्यानंतर मी दर पंधरवड्याला, सुट्टीच्या दिवशी, स्कूटर काढून माधवनगरला जायचे. नवऱ्याला सांगायचे मुलींना भेटायला, पण खरं म्हणजे तपासणीला. आणि दर वेळी थक्क होऊन परत यायचे. सकाळी सहाला अंगणात हजेरी व्हायची. मुली दोन, नावं तीन. तिसरं नाव भावजींचं स्वतःचं, आणि ते पुकारून तेच "हजर" म्हणायचे, कारण इंग्रजी स्पेलिंगला तेही विद्यार्थी होते आणि परीक्षेत बहुतेक वेळा शेवटचे यायचे. भिंतीवर ठळक अक्षरांत वेळापत्रक होतं. त्यात पाढे, गोष्ट, शिवण, मुंग्या, आणि साडेअकरा ते बारा 'काही नाही'. मला वाटलं लिहायचं राहिलंय. पण साडेअकरा वाजले तसे तिघंही पायरीवर येऊन बसले आणि बाराच्या ठोक्यापर्यंत खरंच कुणी काही केलं नाही. मी मधेच धाकटीला एक प्रश्न विचारला, तर भावजींनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. चोवीस वर्षांत मला वर्गात कुणी असं गप्प केलं नव्हतं.

एकदा मी दाराशी पोचले तर माझी जाऊ फरशीवर उताणी पडलेली. दवाखान्याचा पांढरा पोशाख, पर्स बाजूला, डोळे मिटलेले. माझ्या हातातला डबा सुटायचाच बाकी होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि विचारलं, "काय गं, काय होतंय?" डोळे न उघडता ती म्हणाली, "काही नाही, ताई. स्वयंपाकघर तेवढं राहिलंय." तिच्या डोक्याशी आणि टाचांशी परी खडूनं रेघा मारत होती. रेघ मारून झाली की जाऊ उठायची, पुढच्या रेघेला टाचा लावायची आणि पुन्हा आडवी व्हायची. बारा तासांची ड्यूटी करून आलेली बाई. शेवटी तनूनं जाहीर केलं की घर पावणेसात आई लांब आणि चार आई रुंद आहे. मी म्हटलं, "अहो भावजी, मीटरपट्टी मिळते की दुकानात." ते म्हणाले, "द्यायचीच हाय. पर आई ड्यूटीवर गेल्यावर घर कसं मापायचं, असं त्यांनी इचारू दे तर आधी." त्या आठवड्यात माझ्या वर्गातली चाळीस मुलं पुस्तकात छापलेल्या पेन्सिलीची लांबी मोजत होती.

मिक्सर खोलला तो दिवस मी सोडून देते. त्या दिवशी गावाहून माझ्या आत्येसासूबाई आल्या होत्या, आणि त्यांना पाट्यावर वाटण वाटायला बसवून भावजी मुलींना मोटारीतलं तांब्याचं वेटोळं दाखवत होते. मिक्सर परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले. ते अजून त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी वाटीत आहेत.

असं वर्ष गेलं. तनू आठ वर्षांची झाली. वाढदिवसाला मी गेले तेव्हा ती माझ्याजवळ बसून तिच्या आवडत्या कोल्ह्याच्या गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचत होती. मला फार बरं वाटलं. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडात पाचवी ओळ होती. पान संपायच्या आधीच तिनं पान उलटलं. मी तिच्यासाठी आणलेलं नवं पुस्तक पिशवीतून काढलं आणि म्हटलं, "आता हे वाच." तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि एक गोष्ट सांगायला लागली. गोष्ट छानच होती, पण त्या पुस्तकातली नव्हती. मी 'घर' या शब्दावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "झोपडी." 'आई'वर ठेवलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुस्तक बंद केलं.

त्या नद्या, त्या मुंग्या, ते काही नाही, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि मला वाटलं, या माणसानं खेळत खेळत पोरीचं वाटोळं केलं. भावजी आत कणीक मळत होते. मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "भावजी, तनूला एक अक्षर वाचता येत नाही."

मला वाटलं ते चिडतील. ते कणीक मळतच राहिले. म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्यापास्नं." त्यांनी हात थांबवला. "शाळंत तिला रोज पुढं हुबं करून वाचाय लावायचे. अक्षरं उलटीपालटी दिसायची तिला. पोरं हसायची. मग तिनं घरात पण बोलणं टाकलं. मी तवा लय लांब हुतो, वैनी. फोनवर नुसती बघायची माझ्याकडं. मी म्हणायचो, बोल की बाळा. ती फोन आईकडं द्यायची." परातीच्या कडेची कणीक त्यांनी गोळ्याला लावली. मग म्हणाले, "आल्यावर ठरीवलं, आधी बोलाय लागू दे, वाचायचं मागनं बघू. बोलाय लागली. आता तर गप बस म्हणावं लागतंय. पर वाचाय कसं शिकवायचं, ते मला येत न्हाई. चार म्हैनं झालं बघतोय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सगळ्यांसमोर म्हणालो हुतो न्हवं, मी शिकवतो म्हणून."

मी स्टुलावर बसले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण डोळ्यांपुढे माझाच वर्ग आला. खिडकीकडच्या रांगेतलं एक पोर रोज वाचताना अडखळतं आणि मी त्याला उभंच ठेवते, पाठ पूर्ण होईपर्यंत, त्याच्या भल्यासाठी. इतकी वर्षं मी ते भल्यासाठीच करत आले. सोमवारी वर्गात गेल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, "बसून वाच, माझ्याजवळ." तो असा दचकला, जणू आता मार बसणार.

त्यानंतर मी आठवड्यातून तीनदा माधवनगरला जायला लागले, या वेळी तपासणीला नाही. माझ्याकडची अक्षरकार्डं, तक्ते, फळा सगळं नेलं. काही उपयोग झाला नाही. कार्ड समोर धरलं की पोरगी दगडासारखी व्हायची. दिवाळीच्या आधी कडबोळी करायला बसलो होतो. तनूनं पिठाची वळी केली, आणि कडबोळं वळता वळता तिच्या हातून ताटात सरळ 'क' झाला. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि आपणहून म्हणाली, "क, कडबोळ्याचा." मी आणि भावजींनी एकमेकांकडे बघितलं.

त्या दिवसापासून त्यांनी फौजेच्या मापानं अक्षरं तळायला घेतली. रोज सकाळी तीन अक्षरं वळायची, तळायची, शब्द लावायचा आणि खायचा. घरभर भाजणीचा वास. मी गेले की भावजी गंभीरपणे अडचणी मांडायचे. "ण मधोमध मोडतोय, वैनी. आणि ळ तेलात सुटतो. महाबळेश्वर न्हाई लिवता येणार." मी सांगितलं, मोहन कमी घाला. चौथ्या दिवशी ळ टिकला. माझ्या नवऱ्यानं, ज्यानं त्या रविवारी भावाशी भांडण काढलं होतं, अख्खी बाराखडी खाल्ली, आणि वर चहाबरोबर जोडाक्षरं मागितली. परीला तोवर वाचता यायला लागलं होतं. हे तिनं माझ्या कानात सांगितलं, आणि ताईला सांगू नकोस म्हणून बजावलं.

उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी निघालो होतो. सांगलीच्या स्टँडवर ही गर्दी. भावजी दोन्ही खांद्यांवर बॅगा घेऊन, समोर लागलेल्या गाडीच्या दारात चढले. खालून तनूनं त्यांची पँट ओढली. म्हणाली, "पप्पा, ही सातारा नाही. ही क... कराड आहे. सातारा ती, पलीकडची." कुणी तिला विचारलं नव्हतं. भावजी खाली उतरले. बॅग खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. पलीकडची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, आणि आमच्यापैकी एकालाही तिला हात करायचं सुचलं नाही. पुढची गाडी दीड तासानं होती. त्या दीड तासात तनूनं स्टँडवरच्या सगळ्या पाट्या वाचल्या, 'येथे थुंकू नये' तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी भावजी उठून त्या पाटीपर्यंत तिच्याबरोबर गेले.

आणखी वर्षानं तिनंच सांगितलं, मला शाळेत जायचंय. आजवर सगळ्यांना धक्के देणाऱ्या माणसाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. "का? हितं काय कमी हाय?" ते म्हणाले.

"तिथं मुली आहेत," तनू म्हणाली.

मग परीही हटून बसली. जूनमध्ये घराजवळच्या एका शाळेत दोघींची नावं घातली. बाई कशा आहेत हे बघायला भावजी त्याआधी तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा त्या बाईंनीच त्यांना चहा दिला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी साडेबाराला माझी शाळा सुटल्यावर घरी आले, तर भावजी आमच्या पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. मी चहा केला. त्यांनी तो पिऊन कप विसळून ठेवला. पेपर उघडला, परत मिटला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "मधली सुट्टी झाली असंल न्हाई, वैनी?"

"होईल आता."

"डबा खाल्ला का न्हाई, बघाय कोण असतंय?"

"बाई असतात."

त्यांनी मान हलवली. मी आत गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या वर्गासाठी घोटीव कागदाची फुलं कापून न्यायची होती, चाळीस मुलांची. कागदाचे गठ्ठे आणि कात्री मी त्यांच्यापुढे आणून ठेवली. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची खिडकीशी ओढून घेतली, आणि पाच वाजेपर्यंत मान खाली घालून एकेक पाकळी कापत बसले.