रिलीव्हर येईपर्यंत

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि तिथेही परीक्षेपुरतंच लिहिलं. त्यामुळे हे लिहायला बसताना संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाबा धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. घर रोह्याजवळ, माझं कॉलेज पेणला. लहानपणापासून शिफ्टच्या दोन गोष्टी बाबांकडून ऐकत आलो. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि त्याला चार्ज देताना काही लपवायचं नाही. कुठला वॉल्व्ह गळतो, कुठला काटा खोटं दाखवतो, सगळं सांगायचं.

हल्ली त्यांना धाप लागते. आई म्हणते, नोकरी सोडा. बाबा माझ्याकडे बोट दाखवतात.

"माझा रिलीव्हर येऊंदे, मग सोडतो."

शेवटच्या वर्षी ठाण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने निवडीसाठी एक काम दिलं. दवाखान्यात नंबर लावण्याचं ॲप. काहीही वापरा, पण संध्याकाळपर्यंत द्या, असं सांगितलं होतं. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा एक वर्कस्पेस होती. तिच्यात एआय एजंट कामाला लावायचे, कोड तेच लिहितात. प्रत्येक एजंटला प्रोजेक्टची वेगळी प्रत मिळते, म्हणून एकाचं काम दुसरा बिघडवत नाही. आणि मी वाचून हो म्हटल्याशिवाय मूळ कोडमध्ये काही जात नाही. हे सगळं माझ्याच मशीनवर चालायचं, त्यामुळे झाकण मिटलं की काम थांबायचं. म्हणून पेणहून परतताना एसटीत लॅपटॉप उघडाच मांडीवर घेऊन बसलो.

शेजारी एक मावशी होत्या, पायाशी सुक्या मासळीची पाटी. त्या बराच वेळ पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या ओळी बघत राहिल्या.

"तू तर काय लिवतच नाय," त्या म्हणाल्या. "मंग पगार कोणाला, तुला का त्याला?"

मागच्या सीटवरचे हसले. मीही हसलो.

गडब गाव मागे पडेपर्यंत एजंटांचं काम संपलंही होतं. मला त्याला कित्येक दिवस लागले असते. उरलेल्या वाटेत मी त्यांचं लिहिलेलं वाचत गेलो. नंबर लावायला त्यांनी ईमेल मागितला होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडे कुठला ईमेल? तिथे मोबाइल नंबर घ्यायला लावला. त्या ॲपमध्ये माझं स्वतःचं एवढंच.

पुढे व्हिडिओवर मुलाखत झाली. समोरचे साहेब सभ्य होते. एवढ्या लवकर कसं केलं, असं त्यांनी विचारलं. मला फार आनंद झाला. मी माझा पडदाच त्यांना दाखवला. कामाचे तुकडे कसे पाडायचे, कुठली दोन कामं एकाच वेळी द्यायची नाहीत, एजंट न तपासताच तपासलं म्हणतो तेव्हा त्याला कसं पकडायचं, सगळं सांगितलं. एजंटांना द्यायच्या माझ्या सूचनांची फाइल त्यांनी मागितली, तीही लगेच पाठवली.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं.

"काय लपवलं नाय ना?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यांनी कंपनीत सुपरवायझरच्या कानावर घातलंसुद्धा, की आता मला सोडायचं बघा, पोरगा नोकरीला लागतोय. मला ते नंतर आईकडून कळलं.

त्यानंतर काहीच आलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं, उत्तर नाही. वर्गातली मुलं म्हणायची, होकार आला नाही, तसा नकारही आला नाही. मी ते घरी सांगायचो. बाबा कामाला निघताना फळीवर पडलेल्या माझ्या फोनकडे बघायचे. मी नवीन काही शिकायला बसायचो आणि उठायचो. जे शिकायला घ्यावं, ते एजंट आधीच करत होते.

काल दुपारी बाबा दुसऱ्या शिफ्टला निघाले होते. एक बूट घालून झाला होता, दुसरा हातात धरून ते भिंतीला टेकले होते, श्वास बसेपर्यंत. तेवढ्यात फोन वाजला.

"बघ रे," ते म्हणाले. "तुझंच आसल."

साहेबांचा मेसेज होता. तुम्ही दाखवलेली पद्धत फार उपयोगी पडली, नवीन मुलांना देत होतो ते काम आता एजंटच करतात, म्हणून यंदा आम्ही कोणालाच घेत नाही.