धावजीच्या पंख्यामागचा कापूस

धावजी राठोडचं कॉम्प्युटरचं दुकान आणि माझं गादीघर यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे. फुलसावंगीत कोणालाही विचारा, मुनीर गादीवाल्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तरी त्या एका यंत्राची गोष्ट माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही, कारण त्यातला अर्धा गुन्हा माझा आहे.

धावजीची बायको रुखमा दुकानात लोकांचे फॉर्म भरायची. दिवाळीनंतर ती काविळीने गेली. जाण्याआधी तिने मुलीसाठी, प्रियंकासाठी, आपल्या आवाजात ढावलो कॉम्प्युटरवर भरून ठेवला होता. बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघते तेव्हा माहेरच्यांच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. तो आईने शिकवायचा असतो. "लग्नाआधी उघडजो," एवढं धावजीला सांगून रुखमा बेशुद्ध झाली, ती पुन्हा बोललीच नाही. फाईलला कुलूप होतं आणि पासवर्ड तिच्याबरोबर गेला.

कुलपाची शिस्त धावजीनेच लावली होती. सात इंग्रजी अक्षरं, सगळी लहान. म्हणजे आठशे कोटी किल्ल्या, एकेक लावून बघायच्या. जानेवारीच्या मध्याला त्याने यंत्र कामाला लावलं तेव्हा कळलं, या वेगाने मे महिना संपेल. लग्न दहा मेला होतं.

"नांदेडले ने ना. तिथं मोठ्या मशिनी असतीन," मी म्हणालो.

"रुखमाचा आवाज मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, मुनीरभाई."

एकदा मान हलवली की संपलं. असला हट्टी माणूस मी पाहिला नाही.

मग त्याने प्रोसेसरलाच पळवायचं ठरवलं. कंपनीने बांधून दिलेल्या वेगाहून जास्त वेग द्यायचा, त्याला ते ओव्हरक्लॉक म्हणतात. पळवलं की तापणार, म्हणून त्याने वीतभर उंचीचा कूलर बसवला. तांब्याच्या नळ्या, अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या, पुढे पंखा. उष्णता कूलरकडे ओढून नेणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी प्रोसेसरवर लावली. वेग एकदम वाढवला नाही. थोडा वाढवायचा, सहा तास राबवायचं, तापमान बघायचं, मग पुढचा घास. भिंतीवर खडूने लिहिलं, ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही. जानेवारीच्या थंडीत काटा बासष्टवर थांबला. "आता आठ मेपर्यंत सारं तपासून होते," तो म्हणाला, आणि रुखमा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे चहा प्यायला.

एप्रिल आला. बाहेर चव्वेचाळीस, पत्र्याखाली आमचीच भाजी शिजत होती. यंत्र पंच्याऐंशीवर गेलं. आपल्याकडच्या माणसाला गर्मीवर एकच औषध ठाऊक, पाण्याचा कूलर. मी माझा नेऊन त्याच्या यंत्रासमोर लावला. त्याने यंत्राचं एका बाजूचं झाकण काढलं. दोन दिवस बरं वाटलं, मग काटा पुन्हा चढला. एक्याण्णव.

"धावजी, तुह्याच हातानं लिवलेलं हाय ना भितीवर?"

"वेग कमी केला तं लग्नाआधी होत नाही. उन्हाळा हाय, चालते."

नंतर त्याने भिंतीकडे पाहणंच सोडलं. प्रियंका रोज डबा आणायची आणि विचारायची, "बा, याडी सापडली का?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. तो म्हणायचा, "येऊन राह्यली, बेटा." मला पलीकडे कापूस पिंजताना सगळं ऐकू यायचं.

आठ मेला सगळ्या किल्ल्या संपल्या. पडद्यावर आलं, पासवर्ड सापडला नाही.

आठशे कोटींत नाही म्हणजे कुठेच नाही. तो दुपारभर बसून राहिला. मग काय सुचलं कोण जाणे, त्याने एक नवी फाईल केली, स्वतः पासवर्ड घातला आणि त्याच आसपासच्या थोड्या किल्ल्या यंत्राला तपासायला दिल्या. खरी किल्ली आली, यंत्राने ती लावली आणि नाही म्हणून पुढे गेलं. यंत्र बंद पडलं नव्हतं, गरम डोक्याने चुकीचं बोलत होतं. केव्हापासून, ते कोणाला ठाऊक?

त्याने पंखा उघडला. पंख्यामागे पात्यांवर बोटभर जाडीचा थर नमद्यासारखा घट्ट बसला होता. कापूस! माझ्या पिंजणाचा कापूस भिंतीच्या फटीतून रोज उडत होता, आणि माझ्याच कूलरच्या ओल्या हवेने तो पात्यांवर थापला गेला होता. हवा आत जातच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ कर, भाऊ," मी म्हणालो.

"तुमचा काय दोष? आकडा मले दिसून राह्यला होता. मीच डोळे मिटले."

दहा तारखेला तांड्यावर लग्न लागलं. निघताना प्रियंका बापाच्या गळ्यात पडली. बायका आता ही ढावलो म्हणेल म्हणून थांबल्या. तिने तोंड उघडलं, पण तिच्याकडे शब्दच नव्हते. ती साधीच रडली, कोणीही रडेल तशी. मी परका माणूस, पण माझ्याने तिथे उभं राहवलं नाही.

धावजीने पात्या धुतल्या, वेग मूळचा केला आणि सगळ्यात तापलेल्या दिवसांच्या किल्ल्या पुन्हा लावायला घेतल्या. मी फटीत गोणपाट ठोकलं. लग्नाला तेवीस दिवस झाले तेव्हा फाईल उघडली. जिने उघडली ती किल्ली एकोणीस एप्रिलच्या दुपारी यंत्राने एकदा लावून टाकून दिली होती.

त्याने मला हाक मारली. एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. रुखमाचा आवाज आला, थकलेला पण सुरात. एक ओळ म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, दम लागला. मग दुसरी ओळ, पुन्हा तेवढंच थांबणं. तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक ओळीनंतर तिने जागा सोडली होती, लेकीने मागून म्हणावी म्हणून.

तेवढ्या वेळात दुकानात फक्त यंत्राचा पंखा ऐकू येत होता. धावजीने हात पुढे करून तेवढा पंखा बंद केला.