दुसऱ्या कडव्याची जागा

कुंदाचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये बर्फ ओढायचं फावडं शोधत होते. फोन नवऱ्याने घेतला. तो नुसताच "हो… हो…" करत राहिला, आणि मग रिसीव्हर माझ्याकडे न देता खाली ठेवला. कुंदाचे यजमान, माझ्या कंपनीतले अरविंद मेश्राम गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत दुखतंय म्हणाले आणि अँब्युलन्स दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अशा वेळी आधी रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला, आणि आज दीड-दोन महिन्यांनी हे लिहितानाही तो पुरता गेलेला नाही. कारण आदल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये आमचं वाजलं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हा गृहस्थ गाडीच्या काचा वर करून, शेजारच्या सीटवर लहानसा टेपरेकॉर्डर ठेवून, स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून गात होता. तेच गाणं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी रेकॉर्डर बंद केला, काच चार बोटं खाली घेतली आणि म्हणाले, "ताई, यावेळी साहेब घेतील, बघाच तुम्ही." "करा काय करायचं ते," मी म्हटलं आणि आत निघून गेले. तीच शेवटची भेट.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं. अमेरिकेत नोव्हाय गावाजवळची आमची कंपनी जपानी. गाड्यांच्या एसीचे पाइप बनवते. मी क्वालिटीत, मेश्राम टूलिंगमध्ये. वर्षातून तीन-चारदा, कुणी पाहुणे आले की, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी एका जपानी रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत जमायचं आणि प्रत्येकाने कराओकेचा माईक हातात घ्यायचा. तिथे गळा कुणी बघत नाही, पण गायला नाही म्हणणारा माणूस आखडू ठरतो. माझा गळा म्हणजे दळणाची गिरणी. म्हणून मी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. जपानी प्रेमगीत निवडायचं तर संथ हवं. दोनच कडवी हवीत. पट्टी खालची हवी. धृपदात एकच शब्द तीनदा यावा म्हणजे निम्मं गाणं तिथेच पार पडतं. दोन ओळींच्या मध्ये भरपूर वाद्यं हवीत, म्हणजे लोक टाळ्या वाजवतात आणि आपल्याला पाणी पिता येतं. पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण जपानी शब्द देवनागरीत अगदी सुखाने बसतात. ते कागदावर लिहून घ्यायचे की झालं. या कसोट्यांना उतरलेली गाणी मी आमच्यातल्या सगळ्या देशी मंडळींना वाटून दिली होती. पुण्याहून पीएचडी करून आलेल्या कुलकर्णीला बर्फाचं गाणं, माझ्याकडे स्टेशनचं, आणि मेश्रामांना छत्रीचं. छत्रीचं तर इतकं सोपं की झोपेत म्हणावं.

मेश्रामांनी ते एकदा म्हटलं आणि टाकून दिलं. मिळमिळीत आहे म्हणाले. "सोपंच म्हणायचं तर मग माईक कायले घ्यायचा, ताई?" आणि एकदा म्हटलं तेही सरळ नाही. ज्या ओळीवर जपानी माणूस नुसता सुस्कारा सोडतो, तिथे यांनी अशी हरकत घेतली की वाढणारी बाई ट्रे हातात घेऊन थांबली. मी डोक्याला हात लावला. पण त्यात त्यांचा इलाज नव्हता. नागपुरात त्यांच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या मंडपात दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या आणि सामना रंगायचा. एकाने कडवं टाकायचं, दुसऱ्याने ते उचलून पुढचं म्हणायचं. समोरच्याचं गाणं आपण उचललं म्हणजे त्याला मान दिला, आणि त्याने पुढचं कडवं घेतलं म्हणजे त्याने तो स्वीकारला. मेश्राम त्या मंडपातच वाढले. अमेरिकेत येऊन एवढी वर्षं झाली तरी गाणं म्हणजे समोर कुणीतरी हवं, ही समजूत काही गेली नाही.

आमचे प्लँट मॅनेजर ओकानोसान. मितभाषी माणूस. त्यांचं एक ठरलेलं गाणं होतं, बंदरावर उभं राहून जहाजाकडे बघणाऱ्या माणसाचं. तीन कडवी, वर जाणारी पट्टी, एकूण महाकठीण. जपानी मंडळींत साहेबाचं गाणं साहेबाचंच असतं. ते दुसऱ्याने म्हणायचं म्हणजे त्यांच्या खुर्चीत जाऊन बसण्यासारखं. हे मी मेश्रामांना स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं एवढंच घेतलं की साहेबांना हे गाणं फार आवडतं. मग कॅसेट मिळवली आणि रोज नोव्हाय ते कंपनी, कंपनी ते नोव्हाय, एकच गाणं. मागच्या सीटवरच्या सुजाताला, म्हणजे वाटेत शाळेत सोडायच्या त्यांच्या मुलीला, ते पाठ झालं. मला पत्ता नाही.

आणि वेळ कोणती साधली? त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा ओकानोसानांच्या टेबलावर सहीला पडले होते. व्हिसाची मुदत सरत आलेली. सही झाली तर राहायचं, नाही तर बोजा बांधायचा. सुजाता घरात आईबापांशीसुद्धा इंग्रजीत बोलते. तिला नागपूरच्या शाळेत घालायचं या विचाराने कुंदाची झोप उडाली होती. आणि अशा मोसमात या माणसाने भर पार्टीत उठून साहेबांचं गाणं सुरू केलं. मी टेबलाखालून पाय मारला तो कुलकर्णीला लागला. पहिलं कडवं संपलं. मेश्राम चालत ओकानोसानांपुढे गेले आणि दोन्ही हातांनी माईक त्यांच्यापुढे धरला. दुसरं कडवं तुमचं… खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या ताटलीत बघायला सुरुवात केली. वाद्यं वाजत राहिली, पडद्यावर शब्द सरकत राहिले. ओकानोसान हललेसुद्धा नाहीत. मेश्राम मात्र आख्खं कडवं होईपर्यंत हसत, माईक पुढे धरून तसेच उभे.

त्यानंतर महिने गेले, सही काही आली नाही. गाण्यामुळेच अडली असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तेव्हा मी दुसरं काही मानायला तयार नव्हते. जाऊन माफी मागा, म्हटलं. मेश्राम म्हणाले, माफी कशाची, मीच वरच्या पट्टीत घेतलं, त्यांना उचलता आलं नाही. पुढची पार्टी फेब्रुवारीअखेर होती, जपानहून बडे लोक येणार होते. मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं अहो, एकदाच, पोरीसाठी तरी, छत्रीचं म्हणा. बघू म्हणाले. आणि त्यांचं बघणं म्हणजे काय ते मला पार्किंग लॉटमध्ये दिसलंच.

पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरी पंचवीस-तीस माणसं होती. ट्रॉयहून, अॅन आर्बरहून बौद्ध मंडळी आली होती. त्रिशरण, पंचशील झालं. ओकानोसान काळ्या सुटात सर्वांत मागे गुडघ्यांवर बसले होते. त्यांना पाली शब्दांतले थोडे कळत असावेत, कारण मध्येच त्यांचे ओठ हलत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आता सही केली काय आणि न केली काय. ज्याचा अर्ज तोच नाही, तर बायको-मुलीला कोण ठेवून घेतं? शाळेचं वर्ष संपलं की दोघी निघणार हे ठरून गेलं होतं.

सगळे चहाला उठणार तेवढ्यात सुजाताने आतून तो टेपरेकॉर्डर आणला आणि बापाच्या फोटोसमोर ठेवून बटण दाबलं. आधी स्टिअरिंगवरचा ठेका. मग मेश्राम. या खेपेला पट्टी चांगली खाली घेतली होती. एक हरकत नाही, एक मुरकी नाही. बाबा रे, सगळं माझं ऐकलं होतंस की… पहिलं कडवं संपलं आणि आवाज थांबला. नुसता ठेका चालू. कुंदा पदरात तोंड लपवून रडायला लागली. टेप संपली असं समजून मी बंद करायला वाकले, तर सुजाता म्हणाली, "मावशी, डोन्ट. इट्स नॉट ओव्हर."

तेव्हा मागून ओकानोसान गायला लागले. बसल्या जागेवरून, मान खाली, आवाज फाटलेला. दुसरं कडवं. एका ओळीला चुकले, थांबले, ठेका चालूच होता म्हणून पुन्हा धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून सुटला आणि टेपमधून मेश्राम म्हणाले, "वा." आणि त्यांनी तिसरं कडवं सुरू केलं.

निघताना ओकानोसान दारात माझ्यापाशी थांबले. कागद हेड ऑफिसला अडकले होते म्हणाले, आणि ते खरं असेल. मग म्हणाले, "माझ्या गाण्यात कधी कुणी मला बोलावलं नव्हतं. काय करायचं असतं, मला माहीत नव्हतं." मला सांगता आलं असतं. मलाच तर माहीत होतं ना मंडपाचं. पण दोन्हीकडचं माहीत असून मी सोपी गाणी वाटत बसले होते.

सुजाताने त्या टेपची एक कॉपी मला करून दिली. ती आता माझ्या गाडीत असते. पार्किंग लॉटमध्ये त्यांची जागा अजून कुणी घेतलेली नाही, मी शेजारच्या जागेत गाडी लावते. काल जेवणाच्या सुट्टीत लावली कॅसेट. पहिलं कडवं झालं, ठेका सुरू झाला. आता मला काय ते कडवं येतंय? तीन कडव्यांचं गाणं मी जन्मात घेणार नाही. मी आपली नेहमीसारखी सुरू झाले. म्हटलं, अहो मेश्राम, काय अडलं होतं छत्रीचं म्हणायला? पोरगी जूनमध्ये चालली. कुंदाने पडदेसुद्धा काढले. कुणाचं तरी कधी ऐकाल की नाही?

ठेका थांबला.

"वा," मेश्राम म्हणाले.