इरिना-सानच्या आजोबांचा तारा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते साठतात, सिंकखालच्या रिकाम्या पेट बाटल्यांसारखे. कचऱ्याचा एक वार चुकला की बघावं तर ढीग!

जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. वस्तू न फोडता तिच्यात कोणकोणते धातू आहेत ते सांगतं. एका नमुन्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पेपर काही लिहून होत नाही, मग चहा होतो आणि गप्पा होतात. त्यातले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत. इरिना-सानच्या डेस्कवर काचेच्या डबीत एक सोव्हिएत पदक असतं. चांदीचा पाच टोकांचा तारा, वर गडद लाल मीनाकाम, मधोमध बंदूक घेतलेला सैनिक. एका टोकाचा मीना उडालाय.

इरिना-सान कझाकस्तानातल्या अल्माटीच्या, पन्नाशीच्या, आमच्यात सगळ्यात सीनियर. पदक त्यांच्या आजोबांचं. आजोबा महायुद्धात हवाई दलाचे अधिकारी होते.

*

नवीन पोस्टडॉक संशोधक आला की पहिल्या आठवड्यात हा संवाद होतोच.

"वॉव, एअर फोर्स! किती विमानं पाडली त्यांनी?"

"एकही नाही."

"मग बॉम्बर उडवायचे का?"

"नाही."

"मग उडवायचे तरी काय?"

"वैमानिकांची झोप! पहाटे चारला उठवून रिपोर्ट मागायचे."

आजोबा हेडक्वार्टरमध्ये होते. नकाशे, पेट्रोलचे तक्ते, कुठलं विमान कधी निघालं आणि कधी परत आलं त्याच्या नोंदी. स्वतः विमानात बसले ते आयुष्यात दोनदाच. दोन्ही वेळा ओकले!

*

पदक जपानला आणलं तेव्हा विमानतळावर कस्टम्सवाल्यानं त्यांची बॅग उघडली. तरुण अधिकारी, पांढरे हातमोजे घातलेला.

"हे शस्त्र आहे का?"

"नाही."

"दागिना?"

"नाही."

"धार्मिक वस्तू?"

इरिना-साननी जरा विचार केला. म्हणाल्या, "एके काळी होती."

त्यानं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना. तिघांनी तारा उलटसुलट करून पाहिला. मागे चांगला जाड स्क्रू असतो, कोटाला भोक पाडून तो मागून नटनं आवळायचा. शेवटी फॉर्मवर लिहिलं : 'वापरलेली वैयक्तिक वस्तू.'

"अगदी बरोबर लिहिलं," इरिना-सान सांगतात. "आजीची जन्मभर तीच तक्रार होती. एकुलत्या एका चांगल्या कोटाला भोक!"

*

माझे बाबा दोन महिने आमच्याकडे राहायला आले होते. पुण्यात कॅम्पात लष्कराच्या एका ऑफिसात ते हेडक्लार्क होते. एका रविवारी इरिना-सानना जेवायला बोलावलं आणि म्हटलं, बाबांना दाखवायला तारा घेऊन या.

बाबांनी चष्मा बदलला. तारा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. मी सांगितलं, "बाबा, ते फ्लाइंगमध्ये नव्हते हं. हेडक्वार्टरमध्ये होते, रिपोर्ट लिहायचे."

बाबा एकदम ताठ बसले. इरिना-सानना इंग्रजीत विचारलं, "मॅडम, रिपोर्टच्या कार्बन कॉपीज किती काढायचे?"

इरिना-सान त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "पाच! आजोबा नेहमी सांगायचे, पाचवी कुणालाच वाचता यायची नाही."

"आमच्याकडे सात होत्या," बाबा म्हणाले. "आणि सातवी साहेबांना जायची!"

पुढचा दीड तास दोघांच्या गप्पा थांबल्या नाहीत. मी आणि माझा नवरा मुकाट्यानं वाढत होतो.

*

पदक मिळालं कशाबद्दल? घरची कथा अशी : हेडक्वार्टरला आग लागली आणि आजोबा सगळे नकाशे शर्टात कोंबून धुरातून बाहेर आले. इरिना-साननी ही गोष्ट शाळेत दरवर्षी सांगितली होती.

मागच्या वर्षी त्यांना जुन्या कागदपत्रांमध्ये मूळ शिफारसपत्र सापडलं. त्यात तीनच ओळी होत्या. अहवाल वेळेवर पाठवतो. आकड्यांत चूक नसते. न परतलेल्या विमानांची नोंद त्याच दिवशी पूर्ण करतो.

आगीचा उल्लेखच नाही! दोन दिवस इरिना-सान तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला फोन लावला. आई चौऱ्याऐंशीच्या.

"आई, आग लागलीच नव्हती."

"कागद कुणी लिहिलाय?"

"हेडक्वार्टरनं."

"मग! आपल्याच ऑफिसला आग लागली, असं कुणी स्वतः लिहून देतं का?"

*

हा आईचा किस्सा इरिना-साननी चहाच्या वेळी सांगितला तेव्हा मोरिता-सानही तिथे होते. मशीन तेच सांभाळतात. सत्तरी ओलांडलेले, रिटायर होऊन पुन्हा त्याच खुर्चीवर. गप्पा ऐकतात, स्वतः बोलत नाहीत.

आम्ही हसत होतो. मोरिता-साननी विचारलं, "तुमचे आजोबा शेवटपर्यंत जर्मनीच्याच आघाडीवर होते का?"

"नाही, युद्धाच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये त्यांना पूर्वेला पाठवलं. मांचुरियात, जपानी सैन्यावर..." आणि इरिना-सान थांबल्या. आपण कुणाशी बोलतोय, ते त्यांच्या लक्षात आलं.

"माझे वडीलही तिथेच होते," मोरिता-सान म्हणाले. "पायदळात. मग चार वर्षं सैबेरियात, युद्धकैदी." कप विसळून त्यांनी पालथा घातला आणि ते मशीनकडे गेले.

नऊ वर्षं दोघं शेजारी शेजारी काम करत होते. हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी इरिना-साननी तारा डेस्कवरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोरिता-सान रुमालात गुंडाळून एक चमचा घेऊन आले. आखूड दांड्याचा, हातानं ठोकून केलेला.

"वडिलांनी छावणीत बनवला. कशापासून, ते कधी बोलले नाहीत. मरेपर्यंत सूप मात्र यानंच प्यायचे."

त्यांनी चमचा मशीनमध्ये ठेवला. त्या पंचवीस मिनिटांत कुणी चहा केला नाही.

स्क्रीनवर आकडे आले. ॲल्युमिनियम, थोडं तांबं, किंचित मॅग्नेशियम. इरिना-साननी ते वाचले आणि हळूच म्हणाल्या, "विमानाचा पत्रा."

"कुणाच्या विमानाचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते मशीन सांगत नाही," मोरिता-सान म्हणाले. मग इरिना-सानच्या डेस्ककडे पाहून, "तारा कुठे गेला? होता तिथे ठेवा."

सोमवारी इरिना-सान घरून बिटाच्या सूपचं मोठं पातेलं घेऊन आल्या. या सूपवर त्या कुणाचं एक अक्षर ऐकून घेत नाहीत. आमच्या प्रोफेसरांनी एकदा वरून सोया सॉस घातला, तर त्यांना वर्षभर सूप मिळालं नव्हतं!

सगळ्यांना वाडगे दिले. मोरिता-साननी खिशातून रुमाल काढला, त्यातला तो चमचा काढला आणि अख्खा वाडगा सावकाश संपवला. आम्ही आपापल्या वाडग्यात बघत होतो.

मोरिता-साननी चमचा पुसला.

"मीठ थोडं कमी आहे," ते म्हणाले.

इरिना-सान उठल्या, मीठ आणलं आणि त्यांचा वाडगा पुन्हा भरला.